टोपोशीट आणि गावाचा इतिहास : सीतापुरा ते तुंगा

जयपूरच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सांगानेर ओलांडले की सीतापुरा लागते. आज हे नाव निघाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत उभी राहते. रत्ने व दागिन्यांचे निर्यातक्षेत्र, तयार कपड्यांचे कारखाने, महाविद्यालये, रुग्णालय, प्रदर्शनांचे भव्य सभागृह असा तिचा पसारा आहे. २९ ऑक्टोबर २००९ रोजी येथील तेलसाठ्याच्या आगाराला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली आणि तिच्यात माणसे दगावली. देशभर पोहोचलेली सीतापुऱ्याची बातमी बहुधा ती एकच. परंतु वसाहतीला ज्याचे नाव मिळाले ते सीतापुरा सांगानेर तहसिलीतील एक खेडे होते. त्याला शिवार होते, पाणवठे होते, शेजारच्या गावांकडे जाणाऱ्या वाटा होत्या. त्या खेड्याचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, हा प्रश्न वसाहतीच्या झगमगाटात सहसा विचारला जात नाही.

साधनांचा विचार करता अशा गावाची स्थिती बिकटच असते. ताम्रपट किंवा शिलालेख प्रत्येक खेड्याच्या वाट्याला येत नाहीत. ठिकाणेदारांच्या वंशावळी आणि ख्याती राजकुळांविषयी बोलतात, कुणबिकीविषयी नाही. पूर्व राजस्थानच्या बाबतीत एक मोठी सोय मात्र आहे. बिकानेर येथील राज्य अभिलेखागारात जयपूर दरबाराचे परगणेवार जमाखर्चाचे कागद, म्हणजे ‘अरसट्टे’, मोठ्या प्रमाणावर जपले गेले आहेत आणि त्यांच्या आधारे सतीश चंद्र, एस. पी. गुप्ता, दिलबाग सिंग यांनी अठराव्या शतकातील शेती, सारा व ग्रामसमाज यांचा मोलाचा अभ्यास केला आहे. कोणत्या परगण्यात कोणते पीक आले, किती वसूल झाला, किती सूट मिळाली, हे त्या कागदांवरून कळते. विहीर गावाच्या कोणत्या अंगाला होती, बैलगाडीची वाट कोठून ओढा ओलांडत होती, जुने गावठाण कोठे होते, हे मात्र कळत नाही. हिशेबाच्या कागदाला जागा नसते. ती जागा पुरविणारे साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे, ज्यांना व्यवहारात ‘टोपोशीट’ म्हटले जाते.

मराठीच्या अभ्यासकाला या विशिष्ट मुलखाविषयी आस्था वाटण्याचे कारण उघड आहे. ऑगस्ट १७४८ मध्ये बगरू येथे मल्हारराव होळकरांनी माधोसिंगाचा पक्ष घेऊन ईश्वरीसिंगाशी झुंज दिली. १७५० च्या अखेरीस होळकर पुन्हा चालून येत असताना ईश्वरीसिंगाने विष घेतले, आणि जानेवारी १७५१ मध्ये जयपूरच्या तटाच्या आत शिरलेल्या मराठ्यांची मोठी कत्तल झाली. २८ जुलै १७८७ रोजी तुंग्याच्या मैदानावर महादजी शिंदे आणि जयपूर-जोधपूरच्या संयुक्त फौजा यांची लढाई झाली. मराठी ग्रंथांत ती बहुधा लालसोटची लढाई म्हणून येते. एप्रिल १८०० मध्ये मालपुऱ्यास लखबादादांनी जयपूरकरांचा पराभव केला. ही सारी ठिकाणे जयपूरच्या नैर्ऋत्येपासून आग्नेयेपर्यंत पसरलेली आहेत आणि त्यांच्या मधोमध सांगानेर, सीतापुरा, शिवदासपुरा, चाकसू ही टोंक-रस्त्यावरील गावांची ओळ आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी संपादिलेल्या ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ यासारख्या संग्रहांतून आणि पेशवे दप्तरातील निवडक कागदांतून या मुलखाचे उल्लेख वारंवार येतात. तथापि मराठी इतिहासलेखनाने हा मुलूख पाहिला तो छावणीच्या राहुटीतून. मुक्काम कोठे पडला, कूच केव्हा झाले, खंडणीचा करार कितीवर आला, हे त्याने नोंदविले. ज्या गावाच्या विहिरीवर तो मुक्काम पडला त्या गावाचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच उपस्थित झाला. जुना नकाशा हा प्रश्न विचारावयास भाग पाडतो, आणि हेच त्याचे सर्वांत मोठे मूल्य होय.

प्रथम नकाशाविषयी. विसाव्या शतकाच्या आरंभी नेमलेल्या सर्वेक्षण समितीच्या शिफारशींनंतर हिंदुस्थानच्या नकाशांची नवी मांडणी झाली. चार अंश रुंद व चार अंश उंच अशा मोठ्या चौकटींना क्रमांक मिळाले, प्रत्येक चौकटीचे ए ते पी असे सोळा अंशपत्रकांत विभाजन झाले आणि प्रत्येक अंशपत्रकाचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा भाग पडले. या शेवटच्या भागाचा नकाशा एक इंचास एक मैल या प्रमाणावर काढला जाई. जयपूर शहर, सांगानेर आणि सीतापुरा ही ‘४५ एन/१३’ या पत्रकात येतात. सुमारे पावणेसातशे चौरस किलोमीटरचा मुलूख या एका कागदावर मावतो. सीतापुरा त्याच्या अगदी तळच्या कडेजवळ आहे. तेथून दोन-तीन मैल दक्षिणेस गेले की पत्रक संपते, आणि शिवदासपुरा व चाकसू यांच्यासाठी ‘४५ एन/१४’ उघडावे लागते. पूर्वेस ७६ रेखांश ओलांडला की केवळ पत्रक नव्हे तर मोठी चौकटच बदलते. तुंगा व लालसोट ‘५४ बी’ या अंशपत्रकात पडतात. बगरू, मालपुरा आणि जयपूर एका अंशपत्रकात, व तुंगा दुसऱ्या चौकटीत, अशी ही विभागणी असल्यामुळे अठराव्या शतकातील एकाच मोहिमेचा माग काढणाऱ्यास वेगवेगळ्या कागदांची कड कडेला जुळवावी लागते. ते कागद एकाच वर्षी मोजलेले असतीलच असे नाही. कडेवर एखादी वाट तुटली किंवा ओढ्याचे नाव बदलले, तर तो दोष गावाचा नसून दोन मोजण्यांमधील अंतराचा असू शकतो.

म्हणूनच पत्रकाच्या समासाचे वाचन मधल्या चित्राइतकेच महत्त्वाचे ठरते. समासात प्रकाशनाचे वर्ष असते आणि मोजणीचे वर्षही असते. या दोहोंत पुष्कळदा मोठे अंतर पडते. पुढील आवृत्तीत रस्ते व रेल्वे तेवढे नवे घातले जातात आणि बाकीचा तपशील जुनाच राहतो. परिणामी एकाच कागदावर दोन पिढ्यांचे गाव शेजारी शेजारी नांदत असते. सांगानेरहून चाकसूमार्गे सवाई माधोपूरकडे जाणारी जयपूर संस्थानची मीटरमापी रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. ती ज्या नकाशावर नाही त्याची मोजणी त्यापूर्वीची, एवढे निश्चित म्हणता येते. परंतु ती ज्यावर आहे त्यावरील विहिरी आणि वाड्या रेल्वेच्या काळातल्याच आहेत, असे मात्र म्हणता येत नाही. अनेक स्थानिक इतिहासांत याच ठिकाणी घसरगुंडी झालेली दिसते.

मोजणीची परंपराही लक्षात घेतली पाहिजे. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून जी त्रिकोणमितीय मोजणी आरंभिली तिचे काम करीत असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी वऱ्हाडालगतच्या हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. मराठी मुलखात विसावलेल्या या गृहस्थाच्या त्रिकोणांवरच पुढे सारे नकाशे उभे राहिले. मुंबई इलाख्यात मात्र गावाचे चित्र आणखी एका मोजणीतून तयार झाले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू केलेल्या सारामोजणीमुळे प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक गावाला नकाशा, टिपण, फाळणी व आकारबंद मिळाला. दख्खनच्या ग्रामेतिहासकाराला त्यामुळे शेताच्या बांधापर्यंत जाता येते. जयपूरसारख्या संस्थानात इंग्रजांची सारामोजणी नव्हती. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वेक्षणाची पथके आली ती त्रिपायी फलक घेऊन, दूरवरून दिसणाऱ्या डूंगरींवर ठाणी मांडून. त्यांना शेत कोणाचे याच्याशी कर्तव्य नव्हते. फौज, तोफ आणि टपाल कोठून जाईल, पाणी कोठे मिळेल, रात्री मुक्काम कोठे पडेल, हे त्यांना हवे होते. परक्या फौजेच्या गरजा या अर्थाने फारशा बदलत नाहीत. मराठ्यांच्या पत्रांतील मुलूख आणि इंग्रजांच्या नकाशावरील मुलूख एकमेकांशी इतका जुळतो, त्याचे कारण दोघांनीही त्याच्याकडे मुक्काम करणाराच्या नजरेने पाहिले हे आहे.

जदुनाथ सरकारांना ही जुळणी पुरती उमगली होती. ‘शिवाजी अँड हिज टाइम्स’ या ग्रंथाच्या तळटिपांत त्यांनी स्थळनिश्चितीसाठी इंडियन ॲटलसच्या पत्रकांचे हवाले दिले आहेत, आणि रणक्षेत्रे प्रत्यक्ष पायाखाली घालण्याचा त्यांचा परिपाठ प्रसिद्ध आहे. पण त्यांचे लक्ष रणावर होते. नकाशा त्यांनी सेनापतीच्या बाजूने वाचला. तोच नकाशा गावाच्या बाजूने वाचला तर काय हाती येते, हे पाहणे अगत्याचे आहे.

आरंभ नावांपासून करणे सोयीचे. सीतापुरा, शिवदासपुरा, रामचंद्रपुरा, दुर्गापुरा ही ‘पुरा’अंती नावे जयपूरच्या भोवती दाट आहेत. त्यांतील कित्येकांचा पूर्वार्ध व्यक्तिनामासारखा आहे, आणि त्यावरून ही गावे कोणीतरी वसविलेली आहेत असा तर्क करता येतो. सीतापुऱ्याच्या बाबतीत मोह अधिक होतो, कारण कछवाह राजकुळ स्वतःला कुशाचे वंशज मानते आणि सीतारामाची उपासना त्या दरबारात प्रतिष्ठित होती. मात्र नकाशा नाव देतो, नावाचे कारण देत नाही. ते शोधावयाचे तर बक्षीसपत्रांकडे आणि अरसट्ट्यांकडेच वळावे लागते. गावाच्या मूळ वस्तीपासून दूर शेतात राहणाऱ्या कुटुंबांची वस्ती ‘ढाणी’ म्हणून दाखविलेली असते. मराठीत जिला वस्ती किंवा वाडी म्हणावे तीच ही. ढाणीच्या नावात सामान्यतः जातीचे वा मूळ पुरुषाचे नाव येते, आणि दोन मोजण्यांमधील ढाण्यांची वाढ म्हणजे शिवारात पाण्याची नवी सोय झाल्याचा एक अप्रत्यक्ष पुरावा असतो. ‘कलाँ’ आणि ‘खुर्द’ ही जोडी मराठी वाचकास बुद्रुक-खुर्दवरून ओळखीची आहे. ‘खेडा’ या शब्दाविषयी मात्र सावध राहावे लागते. मराठीत खेडे म्हणजे नांदते गाव. राजस्थानात ‘खेडा’ हा शब्द नांदत्या गावांच्या नावांत तर येतोच, शिवाय मोडलेल्या गावठाणाच्या टेकाडासही लावला जातो. आपल्याकडे जिला पांढर म्हणतात तिच्याशी या दुसऱ्या अर्थाचे नाते जवळचे आहे.

नकाशावरील नाव हे गावकऱ्याच्या तोंडून खलाशाच्या वा मोजणीदाराच्या कानी, तेथून रोमन लिपीत आणि हंटरच्या वर्णांतरपद्धतीत आलेले असते. राजस्थानी बोलीत मराठीप्रमाणेच ‘ळ’ आहे, आणि रोमन लिपीत तो ‘ल’मध्ये विरून जातो. हिंदीभाषक अभ्यासकापेक्षा मराठी अभ्यासकाचा कान येथे अधिक उपयोगी पडावा. दुसरी अडचण आपल्याच बाजूची आहे. मराठ्यांची पत्रे मोडीत आहेत आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाही. परमुलखातले नाव कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले. तेव्हा पत्रातील एखादे नाव नकाशावरील गावाशी जुळवताना दोन चाळण्यांतून आलेले दोन उच्चार समोर असतात, आणि निव्वळ ध्वनिसाम्यावर केलेली स्थळनिश्चिती टिकत नाही. कोसांचे अंतर, दिशेचा उल्लेख, वाटेत ओलांडलेली नदी आणि मागच्या-पुढच्या मुक्कामांची नावे या चारही गोष्टी बसल्या तरच ती मान्य करावी. कोसाचे माप सर्वत्र सारखे नव्हते, हेही विसरून चालणार नाही.

नावांपेक्षाही पाण्याचे वाचन अधिक फलदायी आहे. जुन्या पत्रकांवर बांधीव विहीर व कच्ची विहीर यांच्या खुणा वेगळ्या असतात. बारमाही तळे निळे आणि कोरडे तळे केवळ रेघेने दाखविलेले असते. तळ्याच्या पाळीशेजारी तिची भोवतालच्या जमिनीपासूनची उंची बारीक आकड्यात दिलेली असते. सांगानेर-सीतापुऱ्याकडचा प्रदेश इतका सपाट आहे की पन्नास फुटांच्या अंतराने काढलेल्या समोच्चरेषा तेथे फार विरळ पडतात. दहा-बारा फूट उंचीचे जुने गावठाण अशा दोन रेषांच्या मध्ये सहज हरवते. ते सापडते ते त्या बारीक आकड्यामुळे. समोच्चरेषा पाहून ‘येथे काही नाही’ असा निष्कर्ष काढणे अशा सपाट मुलखात धोक्याचे असते.

या भागाचे पाणी ढूंढ नदीला मिळते. ढूंढाड या प्रदेशनामाचा संबंध तिच्याशीच जोडला जातो. ढूंढ पुढे मोरेलला आणि मोरेल बनासला मिळते. जयपूरच्या उत्तरेकडील डोंगरातून निघून शहराच्या पश्चिमेने सांगानेरकडे येणारी द्रव्यवती हीदेखील ढूंढचीच उपनदी. दीर्घकाळ तिला अमानीशाह नाला म्हणत. एकविसाव्या शतकात नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला तेव्हा द्रव्यवती हे संस्कृत नाव पुन्हा प्रचारात आले. नाला म्हटले की सांडपाणी, नदी म्हटले की संरक्षण, अशी शब्दांची किमया शहरांत चालते. सांगानेरचे छपाईवाले आणि कागद करणारे कागजी यांच्या दृष्टीने मात्र ते वाहते पाणी हे व्यवसायाचे भांडवल होते. दौलताबादजवळील कागजीपुऱ्यासारखे व्यवसायनाम नकाशावर गावाचे नाव होऊन बसते. सांगानेरला तसे झाले नाही. तेथील कागजींचा मोहल्ला गावाच्या पोटात राहिला आणि एक इंची नकाशाला गावाच्या पोटातले काही दिसत नाही.

येथे नकाशाच्या एका मूलभूत मर्यादेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण तिचा परिणाम लढायांच्या आकलनावर आणि आजच्या सीतापुऱ्यावरही होतो. मोजणीची पथके हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या आरंभी मैदानात असत आणि पावसाळ्यात कचेरीत बसून आराखडे पुरे करीत. म्हणजे टोपोशीटवर दिसणारे गाव हे कोरड्या ऋतूतले गाव आहे. नद्यांची पात्रे वाळूची, ओढे तुटक रेषांचे, तळी रिकामी. बगरूची लढाई मात्र भर पावसात लढली गेली आणि तुंग्याची जुलैच्या अखेरीस. नकाशावर जी तुटक रेघ सहज ओलांडता येते ती पावसाळ्यात तोफांच्या गाड्यांना अडवून धरणारी चिखलाची खाई होते. नदीकाठच्या घळींची नक्षी पाहिल्यावर आणि तिच्यावर मनाने पाऊस पाडल्यावरच त्या दिवसांतील हालचाली समजू लागतात. जुन्या नकाशांवर गाडीवाट, लादलेल्या जनावरांची वाट आणि पाऊलवाट यांच्या रेघा वेगळ्या असतात. तोफखाना गाडीवाटेने जाणार, घोडा कोठूनही, आणि बाजारबुणगे बहुधा तोफखान्याच्या मागे. पत्रातील ‘कूच मंद झाले’ अशा प्रकारच्या मोघम उल्लेखाचा अर्थ त्या रेघांवर उलगडतो.

१७८७ च्या मोहिमेत महादजींच्या अडचणी सर्वश्रुत आहेत. सवाई प्रतापसिंगाकडील खंडणीची बाकी वसूल होईना, फौजेचे पगार थकले, धान्यवैरणीची टंचाई पडली, महंमद बेग हमदानी फितून जयपूरकरांना मिळाला. २८ जुलैच्या लढाईत हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला, तरी निर्णय लागला नाही. नंतर महादजींच्या पदरच्या हिंदुस्थानी पलटणी पगाराच्या बाकीवरून शत्रूस मिळाल्या, आणि महादजींना माघार घ्यावी लागली. या कथेत टंचाई हा शब्द छावणीच्या बाजूने येतो. तोच गावाच्या बाजूने वाचला पाहिजे. हजारो घोडी, बैल आणि उंट यांची फौज एखाद्या मुलखात आठवडेच्या आठवडे राहिली की तिची कही, म्हणजे वैरणकाडी आणावयास निघालेल्या टोळ्या, रोज अधिकाधिक लांब जाव्या लागतात. छावणीच्या जागेभोवती नकाशावर कोसाकोसाची वर्तुळे काढून त्यांत पडणारी गावे, त्यांच्या बांधीव विहिरी आणि तळी मोजली, तर टंचाईचा भूगोल हाती लागतो. त्या गावांच्या अरसट्ट्यांत त्या सालच्या वसुलीचे व सुटीचे आकडे शोधले, तर त्याच टंचाईचा हिशेबही मिळू शकतो. महादजींच्या राजकारणाचे मोठेपण त्याने उणे होत नाही. परंतु पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांची सत्ता पुन्हा उभी राहिली, त्या उभारणीचा खर्च कोणत्या पांढरींनी सोसला, हे मराठीत कधीतरी गावांच्या नावानिशी लिहिले गेले पाहिजे. जयपूर-जोधपूरच्या फौजाही याच शिवारांत चरत होत्या. गावाच्या दृष्टीने दोन्ही लष्करे सारखीच.

एकोणिसाव्या शतकातील नकाशावरून अठराव्या शतकाविषयी बोलणे कितपत न्याय्य, अशी शंका येथे स्वाभाविक आहे. मधल्या काळात गावे मोडली, नवी बसली. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा ‘छपनिया’ दुष्काळ राजस्थानच्या स्मृतीत अजून ताजा आहे. त्याच्या आधीचे व नंतरचे पत्रक समोरासमोर ठेवले तर ओसाड गावाची खूण कोठे नव्याने उमटली ते दिसू शकेल. परंतु ती खूण गाव मोडल्याचे सांगते, कशाने मोडले ते नाही. दुष्काळ, रोगराई, पाणी आटणे, जहागीरदाराचा जाच, की गावानेच उठून नव्या रस्त्याकाठी जाणे, यांतले कोणतेही कारण संभवते. शंकेचे उत्तर एवढेच, की विहिरी, पाळी आणि जुन्या वाटा या गोष्टी माणसांपेक्षा हळू बदलतात. शिवाय पडताळ्यासाठी जयपूरजवळ एक दुर्मिळ साधन आहे. जयपूर दरबाराच्या कपडद्वारा संग्रहात देशी पद्धतीने काढलेले शेकडो नकाशे व आराखडे जपले गेले असून गोपाल नारायण बहुरा आणि चंद्रमणी सिंग यांनी त्यांची सूची १९९० मध्ये प्रसिद्ध केली. त्या नकाशांना इंग्रजी अर्थाने प्रमाण नसते. महत्त्वाची वस्तू मोठी व बिनमहत्त्वाची लहान, असा त्यांचा न्याय. मात्र चित्रकाराला त्या जागेत काय महत्त्वाचे वाटले हे त्यांवरून जितके कळते तितके टोपोशीटवरून कधीच कळत नाही.

दख्खनमधील एक उदाहरण या पद्धतीची उपयुक्तता दाखविण्यास पुरेसे आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने गावठाण पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसनाथाचे मंदिर वर येते, वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येतात, लोक होड्यांतून पाहावयास जातात. मंदिर दिसते, गाव दिसत नाही. नदीकडे उतरणारी वाट, पलीकडच्या काठाशी असलेला उताराचा संबंध, शेजारच्या बुडालेल्या गावांची अंतरे हे सारे धरणापूर्वीच्या पत्रकावरच राहिले आहे. विंगेटच्या मोजणीचा आरंभ ज्या तालुक्यात झाला त्याच तालुक्यातले हे गाव असल्यामुळे तेथे शेताशेताचे कागदही उपलब्ध आहेत. पळसदेव पाण्याखाली असले तरी त्याचा पत्ता हरवलेला नाही.

सीतापुऱ्याचे बुडणे निराळ्या जातीचे आहे. तेथे पाणी आले नाही, पाण्याच्या जागा गेल्या. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने जमीन घेतली, भूखंड पाडले, काटकोनात रस्ते आखले. काटकोनाला ओढा मानवत नाही. पाऊस कमी असलेल्या मुलखात वर्षाचे दहा महिने कोरडी राहणारी ओहोळाची रेघ भराव टाकून सपाट करणे अगदी सोपे वाटते, आणि कोरड्या ऋतूतला नकाशा पाहणाऱ्यास ते निर्धोकही वाटते. जुलै १९८१ च्या महापुरात जयपूर आणि सांगानेरकडच्या भागाने कोरड्या नाल्यांचे खरे रूप पाहिले होते. वसाहतीचा मोठा विस्तार त्यानंतरच्या दशकांतला आहे. जुन्या एक इंची पत्रकावरील ओढ्यांच्या रेघा आजच्या भूखंडांच्या आराखड्यावर ठेवून पाहणे हे म्हणून केवळ इतिहासकाराचे काम राहत नाही.

ते करताना तांत्रिक काळजी घ्यावी लागते. जुनी पत्रके एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेली आहेत, उपग्रहाधारित नकाशे निराळ्या. दोन्ही एकमेकांवर ठेवले की जागा सरकतात, आणि ही सरक मंदिर, रेल्वेपूल किंवा डूंगरीवरील त्रिकोणमितीय ठाणे अशा न हललेल्या खुणांवर दुरुस्त करावी लागते. चाकसूजवळील शीतलामातेची डूंगरी अशा कामास उत्तम. एक इंची नकाशावर दीड मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे शंभर मीटर, आणि शंभर मीटरमध्ये विहीर एका गावाच्या शिवारातून दुसऱ्याच्या शिवारात जाते. त्यामुळे अखेरचा निवाडा तहसिलीतील शजऱ्यावर, म्हणजे गावाच्या शेतवार नकाशावर, आणि खसऱ्याच्या नोंदींवर करणे योग्य ठरते. खसऱ्यात विहीर, नाला, चराई, देवस्थान यांची नोंद जमीन संपादनानंतरही जुन्या क्रमांकासह आढळण्याची शक्यता असते.

नकाशे मिळविण्याची वाट आता पूर्वीइतकी खडतर नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराची पत्रके संरक्षणविषयक पत्रकांपासून वेगळी केली, २०१७ पासून ती संगणकावर उतरवून घेण्याची सोय झाली, आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निर्बंध आणखी सैल केले. हे सारे नव्या पत्रकांविषयी. इतिहासाला हवी असलेली पहिल्या मोजणीची पत्रके अद्याप अभिलेखागारांत आणि जुन्या ग्रंथालयांतच पाहावी लागतात.

वेळेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. तुंग्याच्या भोवती आजही शेती आहे. माधोगढचा किल्ला हॉटेल झाला असला आणि तेथे येणाऱ्यांना १७८७ ची लढाई रजपुतांचा विजय म्हणून सांगितली जात असली, तरी मैदान, ओढे व विहिरी तपासून पाहण्याजोग्या आहेत. सीतापुऱ्यात तसे नाही. तेथे नकाशावरील खुणेपाशी जाऊन उभे राहावे तर समोर कारखान्याची भिंत असते. कोणत्या भिंतीआड बांधीव विहीर होती आणि चाकसूकडची गाडीवाट कोणत्या चौकाखालून जात होती, हे जमीन जाण्यापूर्वी ज्यांनी तेथे नांगर धरला त्या पिढीला सांगता येते. ती पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि ४५ एन/१३ च्या तळच्या कडेवरील त्या दोन-तीन इंचांची खातरजमा तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून होणार नाही.